‘जरा सोबर ठेवा’ म्हणणाऱ्यांसाठी

“टेक्निक अच्छी है, लेकिन थोड़ा ओवर हो गया. सोबर रखतीं तो जम जाता.”

दिल्लीतल्या एका ब्युटी ट्रेड शोमध्ये मेकअप स्पर्धेच्या परीक्षक बाईंनी मला हे ऐकवलं. बोलत माझ्याशी होत्या, बघत माझ्या मॉडेलकडे होत्या. आमच्या आधीच्या चार मॉडेल्सची हनुवटी दोन बोटांत धरून, चेहरा उजेडाकडे वळवून त्यांनी ब्लेंडिंग तपासलं होतं. आमच्या टेबलाशी आल्यावर हात मागे बांधले. गर्दी होती, वेळ कमी होता, असेलही तसं. आपल्याला अशा ‘असेलही’ची सवय आहे.

स्पर्धेचा विषय काय होता? ‘बोल्ड लुक’.

मी दिल्लीत पार्लरमधल्या बायकांच्या श्रमावर पीएचडी करते. मूळची परभणी जिल्ह्यातली. मध्ये माझी फेलोशिप आठ महिने अडकली तेव्हा खोलीभाडं भरायला लग्नातले मेकअप करू लागले. मुलाखती घेता घेता ज्या पार्लरवाल्या बायकांशी ओळख झाली, त्यांनीच हात धरून शिकवलं. त्यातूनच हे प्रदर्शन समजलं. स्पर्धेची फी साडेतीन हजार. दोन नवऱ्यामुलींच्या मेकअपची कमाई त्यात गेली. मॉडेल म्हणून हॉस्टेलमधली मैत्रीण बसली, तेलंगणाची, आमच्यासारख्याच घरातली, आणि रंगाने माझ्याहून गडद.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण वाद त्यावरच आहे.

गडद कातडीवर निळा रंग मातकट दिसतो. म्हणून क्लासमध्ये शिकवतात की आधी पापणी पांढऱ्या बेसने झाकून टाका, मग वर निळा चढवा, म्हणजे ‘उठून दिसेल’. मी पांढरा बेस वापरला नाही. निळ्या काजळाची मऊ पेन्सिल पापणीवर फासली, बोटाने पसरवली आणि ती ओली असतानाच त्यावर निळी पावडर दाबून बसवली. काम तेवढंच होतं, उलट रंग जास्त घट्ट बसला. डोळ्यांखाली नारंगी करेक्टर अगदी पातळ. फाउंडेशन तिच्या कातडीचंच, एक शेडही वर नाही. ती शेड आख्ख्या प्रदर्शनात दोनच स्टॉलवर मिळाली, तीही ‘कॉन्टूर’च्या खोक्यात. म्हणजे गोऱ्या गालावर सावली पाडायचा जो रंग, तो आमचा चेहरा. पापणीवर बारीक पांढरी कट क्रीज, कानशिलापर्यंत जाणारा निळा विंग, ओठ जांभळाच्या रंगाचे. सेटिंग पावडर मोजून लावली, नाहीतर सावळा चेहरा राखेसारखा दिसतो. सव्वा दोन तास लागले. आरशात बघून ती म्हणाली, “आता मी सेमिनारला अशीच जाणार.”

गुणपत्रकात टेक्निकला आठ, ब्लेंडिंगला नऊ आणि ‘ओव्हरऑल अपील’ला तीन. दहापैकी.

तुम्ही म्हणाल, हरली म्हणून चिडली. चिडलेच आहे. पण त्याच दुपारी मोठ्या स्टेजवर जे झालं ते ऐका. एका नावाजलेल्या कलाकाराचा लाइव्ह डेमो होता, ‘ट्रायबल ब्राइड’. मॉडेल गोरी. तिला तीन शेड गडद फाउंडेशन लावून ‘डस्की’ केलं. गळ्यात पांढऱ्या धातूचे जाडजूड दागिने. आणि शेवटी काळ्या आयलायनरने हनुवटीवर तीन ठिपके आणि कपाळावर एक रेघ काढली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माइकवरून शब्द आले, ‘बोल्ड’, ‘रॉ’, ‘रूटेड’.

माझ्या आजीच्या हनुवटीवर तसेच तीन ठिपके होते. सुईने गोंदलेले, पुसता न येणारे. माझे वडील शाळेत शिक्षक झाले, त्या सत्काराला आजी दोन तास पदर तोंडाशी धरून बसली होती, ते ठिपके कुणाला दिसू नयेत म्हणून. तिला कुणी ‘रूटेड’ म्हटलं नाही. स्टेजवरच्या मॉडेलने कार्यक्रम संपल्यावर ओल्या वाइपने ठिपके पुसले आणि कॉफी प्यायला गेली. फरक तेवढ्या वाइपचाच आहे. ज्याला पुसून उठता येतं त्याची ती कला, आणि ज्याला पुसता येत नाही तो ‘ओव्हर’.

तेव्हा हा ‘सोबर’ शब्द जरा उजेडाकडे धरून बघू या. सोबर म्हणजे काय? मोतिया रंग, बारीक टिकली, ओठांच्याच रंगाची लिपस्टिक, केलंय पण केलंय असं वाटू नये असा मेकअप. हा कुणाच्या घरातला चेहरा आहे? ज्यांना आपण कोण आहोत हे सांगावं लागत नाही, ज्यांचं आडनावच सगळं बोलून टाकतं, त्यांना चेहऱ्याने गप्प राहणं परवडतं. त्यांचं गप्प राहणं पुढे ‘अभिरुची’ होतं आणि आमचं बोलणं ‘भडक’. समाजशास्त्राच्या वर्गात आपण याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो आणि परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहितो. त्या हॉलमध्ये ते भांडवल गुणपत्रकाच्या एका रकान्यात बसलं होतं.

भारतातल्या सौंदर्याच्या बाजाराने आपली नायिका कुठून घेतली तेही बघा. टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. ते नाव १८८३ च्या एका फ्रेंच ऑपेरावरून घेतलेलं, आणि त्या ऑपेरातली लॅक्मे ही ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. म्हणजे फ्रान्सला वळसा घालूनही गाडी पुजाऱ्याच्याच दारात येऊन थांबली. फेअर अँड लव्हली १९७५ ची. २०२० मध्ये जगभर ओरड झाल्यावर ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ लावलं. नाव बदललं.

इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. रंग म्हणजे जात नव्हे. आपल्यात गोरे आहेत, त्यांच्यात काळे आहेत, आणि जात हा वंशाचा प्रश्न नाही हे बाबासाहेबांनीच मांडून ठेवलंय. पण काळा ब्राह्मण आणि गोरा शूद्र दिसला तर सावध राहा, अशी म्हण आपल्याच भाषेत आहे. चेहरा जातीशी जुळला नाही की लोक अस्वस्थ होतात, हे त्या म्हणीने कबूल केलंय. परीक्षक बाईंना माझ्या मैत्रिणीची जात कुणी सांगितली नव्हती. गडद चेहरा, तेलुगू वळणाची हिंदी आणि गळ्यातलं निळ्या दोरीचं हॉस्टेलचं ओळखपत्र, एवढ्यावर अंदाज बांधता येतो. बांधला नसेल, तर हनुवटी धरायला काय हरकत होती?

आता आपल्या घरात येते, कारण अर्धी लढाई तिथे आहे.

रात्री आईला फोटो पाठवला. लगेच फोन. “हे काय गं, पोरीचं तोंड रंगवून ठेवलंस? आपल्या लोकांनी असं राहावं का? बाबासाहेबांनी स्वच्छ राहा सांगितलंय, रंगून राहा नाही सांगितलं.”

आई सहावी शिकलेली, पण वाद घालण्यात माझ्या मार्गदर्शकांना ऐकत नाही. आणि तिचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तोंड रंगवलेली बाई म्हणजे कोण, हे तिच्या पिढीला नीट माहीत आहे. तमाशाच्या फडात नाचायला कुणाच्या घरातल्या बायका उभ्या केल्या गेल्या? त्यांच्या रंगावर पैसे कुणी उधळले आणि सकाळी त्यांनाच अश्लील कुणी ठरवलं? शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या पुस्तकात हेच उकलून दाखवलंय, की ‘अश्लील’ हा शिक्का जातीच्या व्यवस्थेनेच दलित बाईच्या अंगावर मारला. आईला वाचायची गरज नाही, तिने तो शिक्का चुकवण्यात आयुष्य घातलंय. आम्हा बहिणींच्या वेण्या घट्ट, फ्रॉक गुडघ्याखाली, नेलपेंट फक्त दिवाळीत. लाल रिबिनसुद्धा तिला जास्त वाटायची. माझ्या पीएचडीच्या मुलाखतीला मीही मोतिया कुर्ता घालून गेले होते. तुमच्यापैकी कितीजणी तशाच गेल्या असतील, मला अंदाज आहे. तो कुर्ता आपण कुणाकडून शिकलो?

पण आई, महाडचं तू अर्धंच सांगतेस. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने दागिने लोखंडाचे घालावेत असा नियम आहे. कुणी काय ल्यायचं हेही धर्माने लिहून ठेवलं होतं. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी बोलले. ज्या लुगड्याच्या नेसणीवरून आणि ज्या कथलाच्या, चांदीच्या जड दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, ते सोडा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी नेसणं बदललं. आज आपल्याला ते साधं, शालीन वगैरे वाटतं. पण त्या वेळी पायघोळ नेसून वाटेने चालणारी अस्पृश्य बाई गावाला कशी दिसली असेल? ‘सोबर’? गावाच्या डोळ्यात त्याहून भडक काही नसेल. त्रावणकोरमध्ये तर नाडार बायकांनी छाती झाकली म्हणून दंगली झाल्या, आणि १८५९ मध्ये राजाला जाहीरनामा काढावा लागला. तिथे नुसतं अंग झाकणं हाच बोल्ड लुक होता.

म्हणून मला वाटतं, महाडने आपल्याला साधेपणा शिकवला नाही. आपल्या अंगावर काय असेल हे दुसरा ठरवणार नाही, एवढं शिकवलं. बाबासाहेबांच्या तीन पीस सुटाला आजवर लोक नावं ठेवतात, त्याचं कारणही तेच. आई म्हणते, सूट वेगळा आणि पावडर वेगळी. आमचं हे भांडण अजून मिटलेलं नाही.

काही मित्र यापेक्षा वरच्या पट्टीत बोलतात. त्यांच्या मते मेकअप म्हणजे भांडवलशाहीचा खेळ, आंबेडकरी मुलींनी त्यात पडू नये. बोलणारे बहुतेक मुलगे असतात. त्यांना त्या हॉलमध्ये अर्धा तास उभं करायला हवं. स्टॉलवर कंपन्यांचे मालक बसलेले, आणि ब्रश धुणारी, खुर्च्या उचलणारी, मॉडेलच्या पायाशी बसून नखं रंगवणारी माणसं कोण? मी तिथल्या अकरा हेल्परशी बोलले. आडनाव सांगताना नऊजणींनी आधी माझं विचारलं. धंद्यात आपण आहोतच, पायाशी आहोत. प्रश्न चेहऱ्यापर्यंत हात पोचण्याचा आहे.

आणि चेहऱ्याला हात कुणी लावायचा, यावर या देशात कोर्टकचेरी झालेली आहे. मुंबईच्या सिनेसृष्टीत मेकअप आर्टिस्टचं कार्ड फक्त पुरुषांना मिळायचं, बायकांनी केस तेवढे करायचे. चारू खुराना या प्रशिक्षित कलाकाराला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. तो नियम मोडता आला, कारण तो संघटनेच्या नियमावलीत लिहिलेला होता. ‘सोबर’ कुठल्या नियमावलीत लिहिलेला आहे? त्याच्यावर याचिका कशी करायची? गावच्या न्हाव्याने आपल्या आजोबांचे केस कापायला नकार दिला तेव्हा निदान तो तोंडावर दिला होता. इथे ब्लेंडिंगला नऊ देतात आणि अपीलला तीन.

माझी मागणी साधी आहे. अशा स्पर्धांमध्ये ‘ओव्हरऑल अपील’ म्हणजे काय ते लिहून द्या. गडद शेड कॉन्टूरच्या खोक्यातून काढून फाउंडेशनच्या रांगेत ठेवा. पांढऱ्या बेसशिवाय गडद कातडी कशी रंगवायची हे क्लासमध्ये शिकवा, आणि शिकवायला ज्यांनी आयुष्यभर तशी कातडी रंगवली त्या पार्लरवाल्या बायकांना मानधन देऊन बोलवा. आणि ‘ट्रायबल ब्राइड’ करायचीच असेल तर स्टेजवर आदिवासी मुलीला बसवा, गोरीला काळी करू नका. परीक्षकांत आपलं कुणी असावं ही मागणी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती ऐकली की बाकीच्या ऐकूच येत नाहीत.

त्या संध्याकाळी मैत्रिणीने मेकअप उतरवला नाही. मेट्रोत लोक बघत होते. एका लहान मुलीने आईला काहीतरी विचारलं आणि आईने तिचं तोंड खिडकीकडे वळवलं. हॉस्टेलच्या मेसमध्ये ती निळ्या पापण्यांनी राजमा-चावल जेवली.

गुणपत्रक मी जपून ठेवलंय. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाला परिशिष्ट म्हणून जोडणार आहे. मार्गदर्शक म्हणाले, एका स्पर्धेचा कागद डेटा म्हणून धरता येईल का, बघावं लागेल. मी म्हटलं, सर, साडेतीन हजारांची पावतीपण आहे.