फडातली शाळा आणि मुकादमाची वही



दिवाळीच्या आगेमागे दिंद्रुडहून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मागं लेकरं. मी त्यातलंच एक लेकरू. आधी वाढे गोळा केले, मग मोळी बांधली, अन् मिसरूड फुटायच्या आत कोयता हातात आला. कुणी धडा दिला नाही. बघत बघत, कडेकडेनं शिकलो.

या शिकण्याला पंडितांनी आता नाव दिलंय. १९९१ साली जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी मांडलं की नवखा माणूस खऱ्या कामाच्या कडेला बसतो, बारीकसारीक कामं करतो, हळूहळू आत घेतला जातो. शिंपी, सुइणी असे दाखले त्यांनी दिले. खाटकांचाही दिला. तिथं उमेदवारांना मांस गुंडाळायच्या यंत्रावर असं लांब ठेवलं, की जाणत्याचा सुरा कसा चालतो ते दिसेचना.

आमचं हेच झालं. ऊस तोडायला शिकिवलं. उचलीचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत राहिला. ती वही माझ्या बापानं उभ्या जन्मात उघडून पाहिली नाही. कडेवर कुणाला ठेवायचं अन् मधे कुणाला घ्यायचं, हे इथं जात ठरवते. शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलेल्या भीमालाही व्यवस्था 'जागा'च शिकवत होती.

दुसरी वाट जॉन ड्यूईची. कोलंबियात बाबासाहेब त्यांच्याकडे शिकले. प्रत्येक अनुभव माणसाला शहाणं करतोच असं नाही, हे ड्यूईंनी १९३८ साली बजावलं. अनुभव तपासावा लागतो. नुसतं कामात मुरणं म्हणजे शिक्षण असतं, तर आमच्या पिढ्या महापंडित झाल्या असत्या!

म्हणून 'कामातून शिक्षण' म्हटलं की माझे कान टवकारतात. १९५३ साली मद्रासेत राजाजींनी अर्धा दिवस शाळा अन् अर्धा दिवस बापाचा धंदा, अशी योजना आणली. पेरियारांच्या चळवळीनं रान उठवलं. १९५४ साली ती गुंडाळावी लागली. २०२०च्या शैक्षणिक धोरणात दहा दिवस दप्तराविना सुतार-कुंभाराकडे जायचं आहे. पांढरपेशांचं पोर अनुभव घेऊन अकराव्या दिवशी बाकावर परतेल. आमचं पोर सहा महिने फडात. त्याचा बाक कुठाय?

फडातलं शहाणपण मी नाकारत नाही. त्याला प्रश्न जोडा, एवढंच म्हणतो. या हंगामात प्रत्येक टोळीत शिकलेल्या एकानं वही धरावी. टनं, खेपा, खाडे, उचल लिहावी. रात्री कोपीपुढं सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचावी.

मुकादम चिडला, तर समजा, शिक्षण सुरू झालं.

जयभीम!