हात जोडणारा पैलवान

आमच्या सानगडीत १९८७ साली टीव्ही मोजकेच होते. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागण्याआधीच ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी सतरंज्या अंथरलेल्या असत. बायामाणसे न्हाऊनधुऊन येत, कुणी टीव्हीला हार घाली, कुणी उदबत्ती लावी, आणि एखादे पोर कौलांवर चढून अँटेना फिरवीत ओरडे, “दिसलं का?” या गर्दीत भिंतीला टेकून, दुखरा गुडघा लांब करून माझे मोठे बाबा बसत. ते एकेकाळचे पैलवान. साकोली-लाखांदूरकडच्या दंगलींत त्यांनी पुष्कळ नारळ आणि फेटे जिंकले होते. गुडघा गेला आणि कुस्ती संपली. मग उरली धानाची शेती, आणि आखाड्याच्या ओट्यावर बसून पोरांवर खेकसणे.

पडद्यावर हनुमान आला की सारे घर हात जोडी. मोठे बाबा मात्र जोडीत नसत. “तो दारासिंग आहे, फ्रीस्टाइलवाला,” ते म्हणत. लाल मातीतल्या माणसाचा सारा तुच्छभाव त्या एका शब्दात असे.

त्यांचे अगदीच चुकत होते असे नाही. तिकीट लावून होणारी ती कुस्ती अर्धी झुंज आणि अर्धा तमाशा. निकाल आधीच ठरलेल्या कुस्तीला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ असे नावच आहे. पण दारासिंगांची वाट सोपी नव्हती. अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावी १९२८ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा विशीच्या आत-बाहेर सिंगापूरला गेला आणि तिथे कुस्तीत नाव काढून परतला. १९५४ मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद झाले, १९५९ मध्ये राष्ट्रकुल विजेते. १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून त्यांनी जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. किंगकाँग नावाच्या अगडबंब पैलवानाशी झालेल्या त्यांच्या झुंजी तर आमच्या आधीच्या पिढीला तोंडपाठ होत्या.

सिनेमाने त्यांना उचलले ते या देहासाठीच. १९६२ चा ‘किंगकाँग’, १९६३ चा ‘फौलाद’, मग मुमताजबरोबर एकामागून एक मारधाडीचे चित्रपट. समीक्षकांनी नाके मुरडली. उच्चार पंजाबी, चेहऱ्यावर भाव बेताचे. पण तंबूतल्या टॉकीजमध्ये जमिनीवर बसणाऱ्या प्रेक्षकाला त्याची पर्वा नव्हती.

मला मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. तारुण्य ओसरले की मारधाडीचा नायक बहुधा घरी बसतो. दारासिंग चरित्र भूमिकांकडे वळले. ‘मेरा नाम जोकर’मध्ये ते होते, १९७६ च्या ‘बजरंगबली’त हनुमान झाले, १९८५ च्या ‘मर्द’मध्ये नायकाचा बाप. १९८३ साली त्यांनी कुस्तीचा निरोप घेतला आणि चारच वर्षांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, घराघरांत पुन्हा हनुमान म्हणून अवतरले. पुढे २००७ च्या ‘जब वुई मेट’मध्ये ते पंजाबातल्या भल्यामोठ्या कुटुंबाचे आजोबा झाले. २००३ ते २००९ ते राज्यसभेचे सदस्य होते. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या हनुमानाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. तो बहुतेक वेळ लढत नाही. गुडघे टेकून, हात जोडून, मान वर करून तो रामाकडे बघत असतो. ज्याने आयुष्यभर माणसे पाठीवर पाडली, त्याने जगासमोर लहान होऊन बसायचे, हे काम हलके नाही. नम्रता दुबळ्याने दाखवली तर ती लाचारी वाटते. बलवानाने दाखवली की तीच भक्ती वाटते. दारासिंगांना हे कुणी शिकवले ठाऊक नाही, पण त्यांच्या खांद्यांना ते कळले होते.

तोच न्याय सर्वांच्या वाट्याला येत नाही. आपले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिम्पिकचे कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. जिंकेपर्यंत पैलवान गावाचा. पुढची चाळीस वर्षे तो एकट्याचा! खुराक बंद होतो, अंग सुटते, सांधे धरतात, आणि ज्याच्या मिरवणुकीत आपण नाचलो त्याला ओळख दाखवायलाही लाजतो.

आमच्या मोठ्या बाबांचेही हेच चालले होते. मंडईच्या नाटकासाठी गावातली मंडळी दरसाल त्यांना भीमाची भूमिका करा म्हणून विनवीत. झाडीपट्टीत धान निघाले की नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि असा देह कुठे मिळायचा? पण “मी नाचा नोहो” म्हणून ते उठून जात. ‘रामायण’ संपले त्या वर्षी मात्र ते आपण होऊन तालमीला गेले. भीम नको म्हणाले. मुलीला सासरी धाडणाऱ्या बापाची भूमिका मागून घेतली. तिला निरोप देताना ते नुसते उभे राहिले, संवाद विसरले. साऱ्या मंडपात बाया रडल्या. घरी येताना मला म्हणाले, “दारासिंग आता कोणाले पाडत नाही, तरी सारे त्याच्या पाया पडतात. मले आत्ता समजलं.”

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, तेव्हा मोठे बाबा नव्हते. माझ्या नातवाने विचारले, “आजोबा, हे खरंच पैलवान होते?” मी हो म्हणालो, आणि त्याला मोठ्या बाबांचीही गोष्ट सांगितली.

आपल्या प्रत्येक गावात असा एखादा गुडघा धरलेला पैलवान आहे. त्याला मंडईच्या दिवशी फेटा बांधून खुर्चीवर बसवले की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. त्यापेक्षा शाळेच्या मैदानावर आठवड्यातून दोनदा त्याला मुलांच्या स्वाधीन करा, नाटकात बापाचे काम द्या, पंचायतीने आखाड्याची किल्ली आणि थोडे मानधन त्याच्या हाती ठेवावे. त्याची कुस्ती संपलेली असते, तो संपलेला नसतो.