बोली मोठी, मर्जी मालकाची

नोव्हेंबर महिना वऱ्हाडात कापसाचा. जिनिंगच्या दारात गाड्या लागतात, भाव काय फुटला याची चौकशी चहाच्या टपरीवर होते आणि प्रत्येकाजवळ काही ना काही आतली खबर असते. अलीकडे याच महिन्यात दुसऱ्याही एका बाजाराच्या खबरा फिरतात. आयपीएलचा कोणता संघ कोणाला ठेवणार, कोणाला सोडणार, कोणाच्या बदल्यात कोण जाणार, यावर अमरावतीच्या राजकमल चौकात आणि अकोल्याच्या टॉवर चौकात तितक्याच आत्मविश्वासाने बोलले जाते. बोलणाऱ्यांपैकी कोणी कधी संघमालकाला पाहिलेले नसते. पण खबर पक्की असते!

२०२५ सालच्या नोव्हेंबरात हा बाजार फारच तापला होता. संजू सॅमसन राजस्थान सोडणार अशी कुजबुज ऑगस्टपासून होती. १५ नोव्हेंबरला ती खरी ठरली. सॅमसन चेन्नईला गेला. रवींद्र जडेजा आणि इंग्लंडचा सॅम करन राजस्थानला आले. सॅमसनचे मानधन १८ कोटींवर कायम राहिले, जडेजाचे मात्र १८ चे १४ झाले. याच सुमारास संघांनी सोडलेल्या खेळाडूंच्या याद्याही जाहीर झाल्या. हैदराबादच्या यादीत अकोल्याचा अथर्व तायडे होता. महिना-दीड महिन्यापूर्वी नागपूरला इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने शतक ठोकले होते आणि विदर्भाने तो सामना जिंकला होता. सॅमसन-जडेजावर रकाने भरून आले. तायडेच्या वाट्याला यादीतली एक ओळ आली.

मला या ओळीविषयीच बोलायचे आहे. कारण कोट्यवधींच्या आकड्यांमागे जो करार असतो तो तिथेच उघडा पडतो.

लिलावाला आमच्याकडे जुनी माणसे हर्रास म्हणतात. बाजार समितीतल्या हर्रासात, निदान कागदोपत्री तरी, माल शेतकऱ्याचा असतो. भाव पटला नाही तर गाडी परत फिरवण्याचा हक्क त्याला आहे. खेळाडूंच्या हर्रासात गाडी परत फिरत नाही. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला दिल्लीने सव्वासहा कोटींना घेतले होते. मार्च २०२५ मध्ये त्याने येत नाही म्हणून कळवले, तेव्हा नव्या नियमानुसार त्याच्यावर दोन हंगामांची बंदी आली. बोली लागली की जायचे, मग संघ कोणताही असो, शहर कोणतेही असो. मोठा लिलाव तीन वर्षांनी. मधल्या काळात दरवर्षी खेळाडूला ठेवायचे की सोडायचे हे संघ ठरवतो. खेळाडूला संघ सोडायचा असेल तर त्याने विनंती करावी. मान्य करणे न करणे मालकाकडे. अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते हे खरे, पण अदलाबदल घडवून आणणे त्याच्या हातात नाही.

जितेश शर्माचा हिशेब मांडून पाहू. हा अमरावतीचा मुलगा, जन्म १९९३ चा. २०१६ साली मुंबईने त्याला १० लाखांना घेतले आणि एकही सामना न खेळवता बाकावर बसवून ठेवले. मग २०२२ साली पंजाबने २० लाखांना घेतले. २०२३ च्या हंगामात तो चौदाही सामने खेळला, ३०९ धावा केल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरात आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. त्या चौदा सामन्यांचा मोसमही त्याने त्याच वीस लाखांवर काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात बंगळुरूने त्याच्यावर बोली लावली. पंजाबने जुन्या संघाचा हक्क वापरायची तयारी दाखवताच बंगळुरूने आकडा एकदम ११ कोटींवर नेला आणि पंजाबने हात जोडले. वीस लाखांचे अकरा कोटी, म्हणजे पंचावन्न पट. पुढे २७ मे २०२५ ला लखनौमध्ये २२८ धावांचा पाठलाग करताना त्याने कर्णधार म्हणून ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि ३ जूनला बंगळुरूने पहिल्यांदा चषक उचलला. अमरावतीत फटाके उडाले असतील तर नवल नाही.

पण माझी बँकेची नजर त्या पंचावन्न पटीवर अडते. माणूस एका रात्रीत पंचावन्न पट चांगला खेळू लागत नाही. अकरा कोटी ही त्याची नोव्हेंबर २०२४ मधली बाजारातली किंमत असेल, तर २०२३ मध्ये ती वीस लाख असणे शक्य नाही. मधली रक्कम कोणाच्या खात्यावर जमा झाली? करार ज्याच्या मर्जीने दरवर्षी पुढे सरकतो त्याच्या.

माझ्या पिढीतल्या वऱ्हाडी वाचकाला हे नवे वाटू नये. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस पिकवायचा शेतकऱ्याने, घ्यायचा फक्त सरकारने, भावही सरकारचा. हेतू चांगला होता आणि काही वर्षे शेतकऱ्याला तिचा आधारही झाला. पण शेजारच्या मध्य प्रदेशात भाव चढला की लोक रात्री गाड्या सीमेपार काढत आणि पकडले जात. आपलाच कापूस चोरासारखा न्यायचा! कर्जखाती सांभाळताना मी चुकाऱ्याची वाट पाहणारी माणसे टेबलासमोर बसलेली पाहिली आहेत. पीक त्यांचे, पण कोणाला विकायचे हे त्यांना ठरवता येत नव्हते. रवींद्र जडेजा २०१० साली राजस्थानशी करार संपवण्याआधी दुसऱ्या संघाशी बोलणी करतो म्हणून संपूर्ण हंगाम बाहेर बसवला गेला होता, तो प्रकार मला या सीमेपारच्या गाड्यांसारखाच वाटतो. पंधरा वर्षांनी तोच जडेजा त्याच राजस्थानात परतला. या वेळी सौदा मालकांनी केला होता, त्यामुळे तो कायदेशीर होता.

आता अमेरिकेत काय चालते ते पाहू. ही खेळाडू-बदलीची बाजारपेठ तिथल्या बेसबॉलमध्ये फार जुनी आहे. तिथेही कित्येक दशके असेच होते. करार एका वर्षाचा, पण तो पुढे वाढवण्याचा हक्क क्लबचा. आणि वाढवलेल्या करारातही तेच कलम, त्यामुळे खेळाडू जन्मभर बांधलेला. १९६९ साली सेंट लुईसने कर्ट फ्लडला त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळवणाऱ्या या माणसाने जायचे नाकारले आणि आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही असे कळवून कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. त्याची कारकीर्द संपली. पण डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने दुसऱ्या दोघा खेळाडूंच्या प्रकरणात निकाल दिला की क्लबला करार एकदाच वाढवता येईल, कायमचा नाही. तेव्हापासून तिथे सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मोकळा होतो. मोकळा होण्याची तारीख जवळ आली की क्लबलाच घाई होते, आधीच मोठा करार करून टाकू या म्हणून. २०२२ साली वॉशिंग्टनने हुआन सोटो या तरुणापुढे पंधरा वर्षांचे ४४ कोटी डॉलर ठेवले. तो नाही म्हणाला. त्याची लगेच सॅन दिएगोला बदली झाली, पुढे न्यूयॉर्कच्या यँकीजकडे. डिसेंबर २०२४ मध्ये मोकळा झाल्यावर त्याने मेट्सशी १५ वर्षांचा साडेशहात्तर कोटी डॉलरांचा करार केला. अफवा तिथेही उठतात, आपल्याहून जास्त. पण तिथल्या अफवेत एक प्रश्न असतो: खेळाडू काय ठरवणार? आपल्या अफवेत तो प्रश्न बहुधा निघतच नाही.

आपल्याकडे मोठ्या खेळाडूंना थोडी वाटाघाट करता येते. २०२५ च्या हंगामाआधी ठेवून घ्यायच्या खेळाडूंसाठी १८, १४, ११ कोटींचे टप्पे होते. तरी बंगळुरूने कोहलीला २१ कोटी दिले, हैदराबादने क्लासनला २३. ऋषभ पंत दिल्लीतून बाहेर पडून लिलावात उतरला आणि २७ कोटींना गेला. ज्याच्यामागे नाव आहे त्याला नाही म्हणता येते. तीस लाखांच्या पायाभूत किमतीवर उभ्या असलेल्या अकोल्याच्या मुलाने कोणाच्या भरवशावर नाही म्हणावे?

इथे मला माझ्या नोकरीची आठवण काढावी लागते. बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेने १९६६ साली मार्विन मिलर नावाचा माणूस नेमला. तो पोलाद कामगारांच्या युनियनमधला अर्थतज्ज्ञ. १९६८ मध्ये त्याने मालकांशी पहिला सामूहिक करार केला आणि किमान वेतन सहा हजारांवरून दहा हजार डॉलर करून घेतले. त्याच १९६६ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे बँक कर्मचाऱ्यांचा पहिला द्विपक्षीय करार झाला, ज्याला आम्ही सगळे बायपार्टाईट म्हणत आलो. अमरावती जिल्ह्यातल्या एका शाखेत माझ्यासोबत खेळाडूंच्या जागेवर भरती झालेला एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. मोसमात त्याला दुपारी सरावाला जायची मुभा असे, मोसम संपला की कॅश काउंटर. पगार बेताचा. मे महिन्यात बदल्यांच्या अफवा उठल्या की तोही आमच्यासारखाच धास्तावे. पण त्याचा पगार कोणी अदलाबदलीत कापू शकत नव्हते, आणि बदली चुकीची झाली तर युनियनच्या कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटता येत असे. गुडघा गेल्यावरही त्याची नोकरी गेली नाही.

भारतात आज खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची संघटना नाही. २०१९ साली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली, ती माजी खेळाडूंची. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये एका संघाने लिलाव, सामन्याचे मानधन, सगळे धरून खेळाडूंवर जास्तीत जास्त १४६ कोटी खर्च करावेत अशी मर्यादा होती. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. प्रक्षेपणाच्या रुपयातले पंधरा पैसे. तिकिटे आणि जाहिराती मी धरलेल्याच नाहीत. अमेरिकन बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या संघटनेने करारानेच उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा ठरवून घेतला आहे.

हे सगळे मी माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याला सांगत होतो. तो मूळचा अकोटकडला. तो म्हणाला, "भाऊ, पोराले अकरा कोटी भेटले. तुम्ही काऊन रडता? आयपीएल नसती तर त्याले कोनं वयखलं असतं?" या बोलण्यात तथ्य आहे. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला, तरी निवड समितीचे लक्ष वऱ्हाडापर्यंत पोहोचायला आयपीएलच्या दिव्यांची मदत झाली. रणजीतही २०२१ पासून अनुभवानुसार दिवसाला चाळीस ते साठ हजार मिळतात, ते या लीगच्याच पैशामुळे. सहकाऱ्याला मी एवढेच विचारले की उमेश यादवचे काय? खापरखेड्याच्या कोळसा खाणीकडचा हा वेगवान गोलंदाज. गुजरातने त्याला डिसेंबर २०२३ मध्ये ५ कोटी ८० लाखांना घेतले. अकरा महिन्यांनी जेद्दात त्याच्यावर कोणी हातच उचलला नाही. यावर तो म्हणाला, "वय झालं त्याचं." वय तर आमचेही झाले होते, पण आम्हाला पेन्शन होती.

राज्यांच्या संघांत चित्र थोडे वेगळे दिसते. तिथे संघ बदलायला जुन्या संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि विदर्भाने या वाटेचा दोन्ही बाजूंनी अनुभव घेतला आहे. वासिम जाफर मुंबईहून आला आणि दोन रणजी विजेतेपदांत त्याचा वाटा होता. करुण नायर कर्नाटकातून आला, २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ८६ आणि १३५ धावा करून गेला आणि मग आपल्या राज्यात परतला. जितेशची यष्टीमागची जागा कर्णधार अक्षय वाडकरने अडवलेली होती. २०२५ मध्ये तो बडोद्याला गेला. कोणी कोणाला विकले नाही. माणूस स्वतः गेला, आणि विदर्भाने जाऊ दिले. जिथे पैसा कमी तिथे मोकळीक जास्त, हा प्रकार मात्र उलटाच म्हणायचा.

माझी अपेक्षा फार मोठी नाही. पहिल्या लिलावात पायाभूत किमतीला गेलेल्या खेळाडूचे मानधन, तो ठरावीक सामने खेळला की, लवादासमोर नव्याने ठरावे. अदलाबदलीत संघ एकमेकांना काय रक्कम देतात ती जाहीर व्हावी. आणि खेळणाऱ्यांची संघटना असावी, जिचा सचिव मंडळाच्या पगारावर नसेल. सध्याचे चक्र २०२५ ते २०२७ चे आहे. पुढचा मोठा लिलाव २०२८ च्या हंगामाआधी होईल. तेव्हा जितेश शर्मा चौतीस वर्षांचा असेल आणि अथर्व तायडे सत्तावीस.