सुरिनाम घाटाची दुसरी बाजू : लष्करशहा, मतपेटी आणि अपुरा न्याय

लष्करी गणवेशातून राष्ट्राध्यक्षपदावर पोहोचलेल्या नेत्यांची उदाहरणे भारताच्या शेजारात कमी नाहीत. मात्र कोलकात्याच्या गार्डन रीचशी दीडशे वर्षांचे नाते असलेल्या सुरिनाममधील देसी बाउटर्से यांची कारकीर्द त्या सर्वांहून वेगळी ठरते. बंडाने सत्ता बळकावणारा हा लष्करशहा तीस वर्षांनी रीतसर निवडणुकीतून राष्ट्राध्यक्ष झाला, पदावर असतानाच हत्याकांडात दोषी ठरला आणि शिक्षेचा एकही दिवस न भोगता २४ डिसेंबर २०२४ रोजी अज्ञातवासात मरण पावला. मतदारांचा कौल गुन्ह्याचा हिशेब मिटवू शकतो का, हा त्याच्या कारकिर्दीने मागे ठेवलेला प्रश्न आहे.

गार्डन रीचचा धागा

हुगळीच्या काठावरील गार्डन रीच आज प्रामुख्याने गोदी आणि जहाजबांधणी कारखान्यासाठी ओळखले जाते. याच परिसरातील बालू घाट आता ‘सुरिनाम घाट’ म्हणून परिचित आहे. २६ फेब्रुवारी १८७३ रोजी ‘लाला रुख’ हे जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन कोलकात्याहून निघाले आणि जूनच्या प्रारंभी पारामारिबोला पोहोचले. सुरिनाम तेव्हा डच वसाहत होती. तेथील गुलामगिरी संपुष्टात आल्याने ऊसमळ्यांना मजूर हवे होते. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार भारतीय या मार्गाने तेथे गेले. त्यांत प्रामुख्याने आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील लोक होते. २०१२ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्येत हिंदुस्थानी म्हणवणाऱ्या त्यांच्या वंशजांचा वाटा सुमारे २७ टक्के आहे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या हस्ते या घाटावर ‘माई-बाप’ स्मारकाचे अनावरण झाले. डोक्यावर आणि हाती गाठोडे घेऊन परमुलखात उतरलेल्या जोडप्याचे असेच शिल्प पारामारिबोमध्ये आहे. घाटावर स्मारक उभे राहिले, तेव्हा सुरिनामचे राष्ट्राध्यक्ष होते बाउटर्से. गिरमिटियांच्या काही वंशजांच्या हत्येचा खटला त्यांच्यावर त्याच वेळी प्रलंबित होता.

सार्जंटांचे बंड

१३ ऑक्टोबर १९४५ रोजी जन्मलेले बाउटर्से नेदरलँड्सच्या सैन्यात सेवा करून, सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास मायदेशी परतले. २५ नोव्हेंबर १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला. पाच वर्षांच्या आतच, २५ फेब्रुवारी १९८० रोजी, सोळा सार्जंटांनी पंतप्रधान हेंक आरोन यांचे सरकार उलथवले. सैनिकांच्या संघटनेला मान्यता द्यावी, या मागणीवरून सुरू झालेला संघर्ष हे बंडाचे तात्कालिक निमित्त होते. बंडाचे नेते बाउटर्से पुढे लष्करप्रमुख झाले आणि राष्ट्राध्यक्ष कोणीही असो, सूत्रे त्यांच्याच हाती राहिली.

८ डिसेंबर १९८२ रोजी पारामारिबोतील फोर्ट झीलँडिया या किल्ल्यात राजवटीच्या पंधरा विरोधकांना गोळ्या घालण्यात आल्या. वकील, पत्रकार, कामगार नेते, अध्यापक आणि लष्करी अधिकारी त्यांत होते. लेफ्टनंट सुरेंद्र रामबोकस, उद्योजक रॉबी सोहनसिंग, विद्यापीठातील अध्यापक सुग्रीम उमरावसिंग ही हिंदुस्थानी नावेही त्या यादीत आहेत. पळून जाण्याचा प्रयत्न करताना ते मारले गेले, असा खुलासा बाउटर्से यांनी केला. पुढे त्यांनी राजकीय जबाबदारी स्वीकारली, मात्र हत्येचा आदेश दिल्याचे अखेरपर्यंत नाकारले.

१९८६ पासून देश यादवीत ओढला गेला. बाउटर्से यांचे माजी अंगरक्षक रॉनी ब्रुन्सविक हेच बंडखोरांचे म्होरके होते. १९८७ च्या निवडणुकीनंतर हिंदुस्थानी समाजातील रामसेवक शंकर राष्ट्राध्यक्ष झाले. पण २४ डिसेंबर १९९० रोजी लष्कराने केवळ एका दूरध्वनीवरून त्यांचे सरकार घालवले. बंदुकीची एक गोळीही न झाडता झालेले हे सत्तांतर ‘टेलिफोन बंड’ म्हणून ओळखले जाते.

मतपेटीतून पुनरागमन

गणवेश उतरवल्यावर बाउटर्से यांचे राजकारण संपले नाही. सुरिनामचे बहुतेक पक्ष एकेका वंशसमूहाभोवती उभे राहिले असताना, त्यांच्या राष्ट्रीय लोकशाही पक्षाने सर्व समाजांतील गरीब आणि तरुण मतदारांना साद घातली. १९८२ नंतर जन्मलेल्या पिढीसाठी ते हत्याकांड पाठ्यपुस्तकाइतकेच दूरचे होते. १९९९ मध्ये डच न्यायालयाने कोकेन तस्करीच्या प्रकरणात त्यांना त्यांच्या अनुपस्थितीत दोषी ठरवले, तरी मायदेशातील लोकप्रियता ओसरली नाही. २०१० मध्ये जुने शत्रू ब्रुन्सविक यांच्या पाठिंब्यासह त्यांनी संसदेत आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत जमवले आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले. २०१५ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

न्यायालयीन प्रक्रिया दरम्यान स्वतंत्रपणे सुरू होती. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केल्याने, खटल्याची १८ वर्षांची मुदत संपण्यास काही आठवडेच उरले असताना २००० मध्ये तपासाचा आदेश निघाला. तपासात पोलीस अधिकारी चंद्रिकाप्रसाद संतोखी यांची भूमिका महत्त्वाची ठरली; बाउटर्से त्यांना उपहासाने ‘शेरीफ’ म्हणत. २००७ मध्ये लष्करी न्यायालयात सुनावणी सुरू झाली. एप्रिल २०१२ मध्ये बाउटर्से समर्थकांच्या संसदेने माफीचा कायदा केला. २०१६ मध्ये न्यायालयाने तो बाजूला सारला.

२९ नोव्हेंबर २०१९ रोजी, राष्ट्राध्यक्ष चीनच्या दौऱ्यावर असताना, न्यायालयाने त्यांना २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. पुढच्या वर्षी मतदारांनीही पाठ फिरवली. देश कर्जाच्या ओझ्याखाली दबला होता. १६ जुलै २०२० रोजी त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष झाले ते हेच संतोखी. गिरमिटियांच्या या वंशजाने शपथविधीत संस्कृत मंत्रांचा उच्चार केला. उपराष्ट्राध्यक्षपदी मात्र ब्रुन्सविक होते. जुनी समीकरणे पुसली गेली नव्हती, ती केवळ फिरली होती.

निकाल आणि अंमल

२० डिसेंबर २०२३ रोजी अपिलात शिक्षा कायम झाली. जानेवारी २०२४ मध्ये तीन सहआरोपी तुरुंगात हजर झाले. बाउटर्से आले नाहीत. जवळपास वर्षभर ते यंत्रणेच्या हाती लागले नाहीत आणि अखेर त्यांच्या मृत्यूचीच वार्ता आली. सरकारने त्यांना शासकीय अंत्यसंस्काराचा मान नाकारला.

पाकिस्तानचे माजी लष्करप्रमुख व राष्ट्राध्यक्ष जनरल परवेझ मुशर्रफ यांची कहाणी याला आश्चर्यकारकरीत्या समांतर आहे. बाउटर्से यांच्या शिक्षेनंतर तीनच आठवड्यांनी, १७ डिसेंबर २०१९ रोजी, विशेष न्यायालयाने मुशर्रफ यांना देशद्रोहासाठी मृत्युदंड सुनावला. लाहोर उच्च न्यायालयाने ते विशेष न्यायालयच अवैध ठरवले. मुशर्रफ फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत निधन पावले आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. दोन्ही देशांत न्यायसंस्थेने निकाल देण्याचे धैर्य दाखवले. निकाल अमलात आणण्याचे बळ राज्ययंत्रणेत नव्हते.

तरीही दोन्ही निकाल सारखे मोजता येणार नाहीत. मुशर्रफ यांच्यावरील कारवाई सत्ता गेल्यानंतरची होती. सुरिनामच्या न्यायाधीशांनी पदावरील राष्ट्राध्यक्षालाच दोषी ठरवले. सहा लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या, आरोपी आणि न्यायाधीश परस्परांना ओळखत असावेत इतक्या लहान देशात हे घडले, हे लक्षणीय आहे.

जून २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पारामारिबोत भारतीयांच्या आगमनाच्या दीडशेव्या वर्षाचा सोहळा अनुभवला. अशा प्रसंगी भारतात चर्चा होते ती प्रामुख्याने भोजपुरी भाषा, रामायण आणि सण यांची. गार्डन रीचहून गेलेल्यांच्या वंशजांनी तेथे याहून अधिक काही केले आहे. त्यांतील काही फोर्ट झीलँडियात मारले गेले, एकाचे राष्ट्राध्यक्षपद लष्कराने हिरावले आणि एकाने त्या हत्याकांडाचा तपास पुढे नेला.

२०२५ मध्ये बाउटर्से यांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि जेनिफर सिमॉन्स या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. पक्षाला सत्ता देण्याचा अधिकार मतदारांचा आहे आणि तो त्यांनी बजावला. पंधरा जणांच्या हत्येबद्दलचा निकाल मात्र कोणत्याही निवडणुकीने बदललेला नाही. माफीचा कायदा टिकला असता, तर नातेवाइकांच्या हाती तोही उरला नसता.