आजचा लहिया आणि त्याचे प्रमाणपत्र

अंबाजोगाईत मराठी शिकवणाऱ्या माणसाची मुकुंदराजांपासून सुटका नसते. ‘विवेकसिंधु’चा शके १११० हा काळ ग्राह्य धरायचा की नाही, या वादावर दरवर्षी एक तास खर्ची पडतोच. काळाचा उल्लेख करणारी ओवी प्रक्षिप्त असावी, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे; आणि प्रक्षेप म्हटला की लहिया आलाच. अलीकडे हा तास घेताना माझे लक्ष ग्रंथकर्त्यापेक्षा या लहियाकडेच अधिक जाते. कारण आजचा लहिया मला माहीत आहे. तो संकेतस्थळे तयार करतो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचे जुने वार्षिकांक महाजालावर ठेवण्याचे काम तालुक्याच्या गावातील एका होतकरू तरुणाकडे देण्यात आले. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर चौकटीत बसवलेली दोन प्रमाणपत्रे होती. काम वेळेत झाले, स्वस्तात झाले. मूळ मजकूर एका जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला होता; तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पान उघडले की नुसती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे दिसत. मग रूपांतर करून तो पुन्हा चढवण्यात आला. आता अक्षरे मराठी होती, पण रूपांतरात अर्धा र सर्वत्र रफार होऊन बसला होता. स्नेहसंमेलनाच्या हिशेबात आचाऱ्यांना दिलेली मजुरी ‘आचार्यांना’ दिल्याचे प्रसिद्ध झाले. एका विद्यार्थिनीच्या कवितेतील बालाघाटच्या दऱ्यांच्या जागी दर्या आला. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात दर्या! हसून झाल्यावर लक्षात आले की, ती कविता आता त्याच रूपात राहणार आहे, कारण मूळ अंकाची प्रत ग्रंथालयातही उरलेली नाही.

या तरुणाच्या भिंतीवरील प्रमाणपत्रांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएससीआयटी हा अभ्यासक्रम आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी केला. शासकीय नोकरीत तो, किंवा त्याच्या तोडीची अर्हता, नसल्यास वेतनवाढ अडू लागली, तेव्हा निवृत्तीला टेकलेले गुरुजीही माउस धरायला शिकले. हे काम लहान नव्हे. परंतु ते संगणक-साक्षरतेचे प्रमाणपत्र आहे. दुसरे होते टंकलेखनाचे: मिनिटाला तीस मराठी शब्द. वेग मोजणे सोपे असते, म्हणून तो मोजला जातो. साक्षरतेच्या दाखल्यावर आपण कोणाला संपादक नेमत नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र नेमके तेच केले, आणि ते करणारे आपण भाषेचे अध्यापक होतो.

वकिलाला १९६१ च्या अधिनियमाने बार कौन्सिलची चौकट आहे. वास्तुविशारद हे बिरूदही १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय लावता येत नाही. वेब डिझायनर अशी पाटी मात्र कोणीही लावावी. अमेरिकेत वेबमास्टरांच्या संघटनांनी नव्वदच्या दशकातच प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला, पण तीही ऐच्छिकच राहिली. महाजालाची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था कोणा व्यक्तीला कारागीर म्हणून मान्यता देण्याच्या भानगडीत पडत नाही. आपल्याकडे नॅसकॉम आहे ती कंपन्यांची. कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे, पण तालुक्याच्या बसस्थानकासमोर दुकान टाकून बसलेल्या मुलाला तिचे सभासद व्हावे असे का वाटावे? प्रमाणपत्राने त्याला काय येते ते कळते; त्याने कोणाला उत्तर द्यायचे, हे सांगायला संघटना लागते. ती त्याला नाही.

तरीही सक्तीच्या परवान्याची मागणी मी करणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांना साधे शासकीय ओळखपत्र द्यावे, या विचाराला जिथे कित्येक दशके लागली, त्या जिल्ह्यात आणखी एक दाखला सक्तीचा करणे म्हणजे त्याच घरांतून आलेल्या पोराच्या हातचे काम काढून शहरातल्या कंपनीला देणे होय.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावले. लहियांना त्यांनी कोणतीही परीक्षा घातली नव्हती. पाठाचे उत्तरदायित्व तेवढे स्पष्ट केले होते. हे काम आज साहित्यसंस्थांचे आहे. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ पासून उभी आहे. अशा संस्थेने संगणकशास्त्राच्या एखाद्या विभागाला हाताशी धरून एक ऐच्छिक परीक्षा सुरू करावी. उमेदवारापुढे जुन्या फॉन्टमधील वीस पाने ठेवावीत. ती त्याने युनिकोडमध्ये आणावीत, मुळाशी ताडून पाहावीत, मजकुरात शब्द शोधता यावा, अंध विद्यार्थ्याच्या संगणकाने तो वाचून दाखवावा आणि मूळ धारिका ग्राहकाच्या स्वाधीन व्हाव्यात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांत एक तरी मराठीचा अध्यापक असावा. उत्तीर्णांची यादी त्या संस्थेने ठेवावी. तक्रार आली तर दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि गरज पडल्यास नाव काढावे. एवढी संघटना आरंभाला पुरे.

अध्यापक हे तपासू शकतील का, ही शंका रास्त आहे. त्या वार्षिकांकाची मुद्रिते कोणी तपासली, असे कोणी विचारले, तर उत्तर अडचणीचे आहे: संपादक मंडळात मी होतो, आणि संकेतस्थळावरचा मजकूर छापील मजकुरासारखाच तपासायचा असतो, हे मला सुचलेच नाही.

चुका दाखवायला मी त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा तो मुलगा ओशाळला नाही. त्याने खुर्ची पुढे केली. “सर, हा अर्धा र नेमका कुठल्या कळीवर असतो?” त्याने विचारले. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला भेद मी वीस वर्षे फळ्यावर शिकवीत आलो होतो. कळ मला माहीत नव्हती. अर्धा तास दोघांनी शोधली. इन्स्क्रिप्टमध्ये र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबायची, मग हलन्त, मग य.