पाळी गेली, साखर आहे, तर चालायला लागा

पाळी थांबली की बायका म्हणतात, सुटले बाई एकदाची! खरंच आहे ते. पण इस्ट्रोजेन कमी झालं की वाईट कोलेस्टेरॉल वाढू लागतं, चरबी पोटावर साठते, रक्तवाहिन्या ताठर होतात. त्यात मधुमेह असेल, तर ‘हृदयविकार पुरुषांना, बायकांना नाही’ या समजुतीवर अजिबात विसंबू नका.

‘दिवसभर घरात राबते, वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. घरकामाने जीव दमतो, मान्य. पण ओट्याशी उभं राहून, मध्येच वाकून हृदयाची गती सलग वाढत नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका दम लागेल असं चाला. आठवड्याला किमान १५० मिनिटं. सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको, कारण चालल्यामुळे स्नायू रक्तातली साखर जास्त ओढून घेतात, पण तो परिणाम एखाद-दोन दिवसच टिकतो. अर्धा तास एकदम मिळत नसेल, तर तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला. भांडी थांबतील, घरच्यांना तसं सांगा. शिवाय आठवड्यातून दोनदा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. या वयात स्नायू झडतात, आणि साखर जिरवायची जागा तीच.

अमेरिकेतल्या मधुमेही परिचारिकांच्या अभ्यासात आठवड्याला चार तास किंवा जास्त व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात बराच कमी दिसला. औषधं मात्र बंद करायची नाहीत.

सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः छातीत दुखत असेल किंवा डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल, तर पर्समध्ये ग्लुकोजची पूड ठेवा. साखर उतरून घाम, थरथर, भोवळ आली की थांबून ती पूड घ्या. स्लिपर घालून चालू नका, बूट-मोजे घाला. रात्री तळपाय निरखून पाहा, बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

आणखी एक. मधुमेही बाईला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. अचानक धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, गार घाम, कधी नुसता कमालीचा थकवा. पित्त झालं असेल म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. १०८ला फोन करा, आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवा.