निदानाआधीच अडणारा आजार
सोलापूर, प्रतिनिधी

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या छोट्या गावात दहावीतली एखादी मुलगी वाळू लागली, तर घरात कारणे तयारच असतात. अभ्यासाचा ताण, उपवास, अंगात रक्त कमी. ती खोटीही वाटत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, तर साधारण पाचांतील एकीचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. कृशता जिथे इतकी सवयीची, तिथे आहारविकार वेगळा ओळखू येणार कसा?

दुसरी अडचण निकषांची. लठ्ठपणाच्या भीतीने अन्न टाकणे, ही ॲनोरेक्सियाची रूढ व्याख्या पाश्चात्त्य रुग्णांवरून घडली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९९५ मध्ये पाच तरुणींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांनी अन्न नाकारले होते, वजन घटले होते, पाळी थांबली होती. मात्र स्वतःच्या शरीराविषयीचा विपरीत समज त्यांच्यात आढळला नाही. ‘जेवण जात नाही, उलटी होते’ असे सांगणारी मुलगी साहजिकच पोटाच्या डॉक्टरांकडे जाते आणि तपासण्या व टॉनिकमध्ये मोलाचे महिने निघून जातात.

निदान झाले तरी वाट सोपी नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमित उपचारांसाठी मैंदर्गीकरांना बहुधा सोलापूरच गाठावे लागते. हे उपचार एका भेटीत संपत नाहीत. वजनावर देखरेख, आहाराचे नियोजन, कुटुंबाचे समुपदेशन हे महिनोन् महिने चालते आणि प्रत्येक खेपेला घरातल्या कोणाची तरी रोजी बुडते. शिवाय ‘मुलीला वेड्यांच्या डॉक्टरांकडे नेले’ ही चर्चा लग्नाच्या वेळी आड येईल, ही धास्ती वेगळीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान दिले. पण विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर, तर हे उपचार मुख्यतः बाह्यरुग्ण विभागातले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत आणि या सीमाभागात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या कन्नडमध्येही मोफत सल्ला मिळतो. पण फोन करण्यापूर्वी कोणाला तरी शंका यायला हवी. ती येण्याची जागा शाळा ठरू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत मुलांचे उंची-वजन नोंदले जातेच. वाढत्या वयातल्या मुलीचे वजन मागील नोंदीपेक्षा घटले, तर तो आकडा रकान्यात पडून न राहता पुढे डॉक्टरांपर्यंत गेला पाहिजे. या आजारात वेळीच झालेले निदान हे उपचारांचे निम्मे काम असते.